तीन महिन्यांचा लकवा

कारधा
८ जानेवारी २०२६

प्रतिक्षा,

जय भीम. फोन त तू उचलत नाही. काल सत्यभामा मावशीनं उचलला अन् मले म्हणते, "रत्नमाला, पोरगी म्हणते तिले तुझ्याशी बोलायचं नाही." बाबा गेले तवा तू नववीत होती. तवापासून तुझी शाळा, तुझे कपडे, तुझं कॉलेज, सगळं या बहिणीनं पाहिलं, अन् आता तिच्याशीच बोलायचं नाही! बरं बाप्पा, नको बोलू. कागदाले काही लकवा मारला नाही, म्हणून लिहून राहिली.

न सांगता तुमसरले निघून जायची काय गरज होती? साक्षगंध मोडलं म्हणजे जीव गेला काय? आई दिवसभर दारात बसते. रस्त्यानं जाणारी एखादी बाई थांबून विचारते, "लहानी दिसत नाही वं, मंगलाबाई?" की आई सुरू. पोरगी शाळेतून येताना पुलावरून स्कुटी चालवे, कानाले रुमाल बांध म्हटलं त बांधत नव्हती, वैनगंगेवरचा वारा लागला अन् डाव्या बाजूनं तोंड गेलं. तेही नेमकं साक्षगंधाच्या आठ दिवस आधी. मी आतून ऐकत राहते. कितीदा सांगितलं तिले, आई, घरची गोष्ट रस्त्यावर सांगू नको. पण ऐकते कोण!

तू मनात तोच दिवस घेऊन बसली असशील. चौदा डिसेंबर. मांडवात सगळी भावकी, समोर तुझी होणारी सासू, अंकुशची आई, अन् तो फोटोवाला तुले म्हणते, "ताई, थोडं मोकळं हसा ना." तू हसली. उजवा ओठ वर गेला, डावा तिथंच लोंबून राहिला. मंग सरबत दिलं त ते डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं, तिथून त्यांनी आणलेल्या नव्या साडीवर. अंकुशच्या आईनं पाहिलं. मीही पाहिलं. मागच्या बाया एकमेकींच्या कानाले लागल्या. चौथ्या दिवशी परसराम मामा करडीहून निरोप घेऊन आला, "पोरीले लकवा आहे अन् तुम्ही लपवला म्हणते. ते लोकं नाही म्हणून राहिले." मामाले कायले बोल लावू! त्यानंच जमवलं होतं, मोडल्याचं सांगायलेही त्यालेच यावं लागलं.

पण एक गोष्ट पक्की समज. हे कायमचं नाही. फेब्रुवारी जाईन, मार्चच्या मध्यापर्यंत ओठ आपोआप जागेवर येईन. नऊ वर्षं झाले मले दाताच्या दवाखान्यात, मले या गोष्टी समजते. म्हणून तोंडाले ओढणी गुंडाळून मावशीच्या घरात बसून राहू नको. शाळेत कळव की मार्चमध्ये येते. तुझ्या नर्सरीच्या वर्गावर दुसरी बाई ठेवली आहे, ती तिथंच चिकटून बसन अन् मंग तू रडत बसशील.

मावशीचे गुडघे दुखते. पाणी तू भर.

तुझी ताई,
रत्नमाला


कारधा
२१ जानेवारी

प्रतिक्षा,

जय भीम. तुझी चिठ्ठी भेटली. चिठ्ठी कायची, वहीचा फाटका तुकडा! ना जय भीम, ना ताई. "लकवा कधी बरा होईल हे मोठ्या डॉक्टरलेही सांगता येत नाही. तुले महिना कसा माहीत?"

वाचून डोकं सणकलं माझं. वकील झाली काय तू? अंदाजानं सांगितलं. दवाखान्यात दहा माणसं येते, दहा गोष्टी कानावर पडते. मोठ्या बहिणीनं धीर द्यायले दोन शब्द लिहिले, त त्याचीही उलटतपासणी!

अन् तुझ्या मनात ते इंजेक्शन असन, त काढून टाक. तीस नोव्हेंबरले मी तुले दात साफ करायले बोलावलं, अन् खुर्चीवर नागपूरच्या मॅडमनं नाकाच्या दोन्ही बाजूले बारीक सुईनं टोचलं. तू तवाच विचारलं होतं, "ताई, दात खाली आहे, मंग नाकाजवळ कायले टोचते?" मी म्हटलं, औषध हिरडीच्या मुळापर्यंत जाते, हिरडीले बळ येते. तेच आजही सांगते. एवढे लोकं हिरडीचं औषध घेते, सगळ्यांचे तोंड वाकडे होते काय?

हिरडीचं काय असते, ते तुले कधी कळलंच नाही. तू हसली की वरचा ओठ पार नाकापाशी, अन् दाताच्या वर ही एवढी गुलाबी हिरडी. माझीही तीच, बाबाचीही तीच. पण बाबा पुरुषमाणूस. विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांत बसून खदखदा हसे, अन् लोकं म्हणे, चिंधूभाऊ मोकळ्या मनाचा. मी हसली त मोकळ्या मनाची कोणी म्हटलं नाही.

सात ठिकाणचे लोकं पाहायले आले मले. तुले वाटते ताईनं तुझ्यासाठी लग्न केलं नाही. मीच तसं सांगत आली, चारचौघांतही सांगितलं. तसं नव्हतं. चहाचा ट्रे ठेवला, कोणी गमतीचं बोललं, मले हसू आलं, की समोरच्या बाईचे डोळे माझ्या तोंडावर येऊन थांबे. पवनीकडचे लोकं आले होते, तू तवा लहान होती. त्यांची आत्या दारात चपला घालता घालता म्हणे, "पोरगी कामाची आहे, फक्त हसली नाही पाहिजे." आईनं ऐकलं. पुढच्या पाहुण्यांच्या वेळी आई मले आतच बजावून सांगे, "तोंड मिटून ठेवजो." ठेवलं मिटून. त ते म्हणे, पोरगी घमेंडी दिसते. आता सांग, काय करा माणसानं?

तवापासून मी हसताना हात तोंडावर नेते. तुले ते दिसलं असन, तू कधी विचारलं नाही. दवाखान्यात मास्क असते, ते बरं पडते. कोरोना गेल्यावर सगळ्यांनी काढले, मी ठेवला. अन् तू! गल्लीच्या टोकावर ऐकू जाईन अशी हसायची. बाया म्हणे, प्रतिक्षा घरी आली वाटते. मले राग ये. हो, राग ये, लिहूनच टाकते. एकाच घरच्या दोघी, एकच हिरडी, अन् एकीले तिचा पत्ताच नाही.

तुझ्या वाट्याले ते लोकं येऊ नये, एवढंच मले वाटे. याच्यात काय गुन्हा झाला?

ताई


कारधा
४ फेब्रुवारी

प्रतिक्षा,

जय भीम. मावशीकडून कळलं, तू तुमसरच्या डॉक्टरकडे जाऊन आली. त्यानं तुले डोळे घट्ट मिटायले सांगितले, दोन्ही मिटले. कपाळाले आठ्या पाड म्हटलं, सारख्या पडल्या. मंग म्हणे, "हा लकवा नाही. ओठाजवळ बोटॉक्स घेतलं होतं काय?" तुझी दुसरी चिठ्ठी काल आली. तिच्यात तो एकच शब्द आहे, पुढं प्रश्नचिन्हही नाही.

हो. बोटॉक्स होतं.

ओठ वर ओढणारा जो स्नायू असते, तो त्या औषधानं काही महिने ढिला पडते. ओठ वर जात नाही, हिरडी दिसत नाही. मंग असर उतरते अन् पुन्हा होतं तसं होते. तीन महिने, कोणाले चार. महिना मले असा माहीत होता.

आमच्या दवाखान्यात नागपूरच्या मॅडम महिन्यातून एका रविवारी येते. औषधाची वायल एकदा फोडली की आमच्याकडे ती त्याच दिवशी संपवते. म्हणून माणसं आधी जमवावे लागते. ते काम माझं. दात साफ करायले, तार लावायले पोरी येते, त्यांना मी हळूच विचारते. लग्न जमलेली असन तिले आधी. त्या रविवारी चार बायांची नावं होती. तिघींचं झालं. चौथीच्या घरी मयत झाली, तिचा सकाळी फोन आला, पण तोवर वायल फुटली होती. मॅडम म्हणाल्या, "रत्नमाला, अजून कोणी आहे का? वाया जाईल." मी तुले फोन लावला.

खरं सांगितलं असतं त तू आली नसती. हे मले माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही. अंकुशनं तुले मामाच्या अमरच्या लग्नात हसताना पाहिलं अन् घरी जाऊन म्हटलं, करीन त हिच्याशीच, हेही मले माहीत होतं. परसराम मामानं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मले ते खरं वाटलं नाही. हिरड्या पाहून कोणी पोरगी पसंत करते, हे मी कुठी पाहिलं नव्हतं. म्हटलं, पोरगा आज हो म्हणून राहिला, उद्या त्याची आई मांडवात बसन, आत्या बसन, मावश्या बसन. एवढ्या बाया एका जागी अन् कोणीच काही बोलणार नाही?

मॅडमचा हात डाव्या बाजूले थोडा चुकला असन. होते असं कधी कधी.

सात डिसेंबरले सकाळी तू आरशासमोरून मले हाक मारली. "ताई, हे पाह्य ना, काय झालं." मी कणकीच्या हातानं आली अन् पाहिल्याबरोबर मले समजलं. तेवढ्यात आई मागून म्हणाली, "मायबाई, लकवा!" अन् मी चूप बसली. तिथं एक वाक्य बोलायचं होतं. आई म्हणे सरकारी दवाखान्यात नेऊ. मीच अडवलं. तिथल्या कोण्याही डॉक्टरनं डोळा मिटायले सांगितला असता अन् सगळं उघडं पडलं असतं. मी म्हटलं, साक्षगंध तोंडावर आलं, आता दवाखान्यात नेलं त गावभर होईन, त्यापेक्षा लोकं कबुतराच्या रक्तानं मालिश करते, त्यानं उतरते म्हणते. साक्षगंध पुढं न ढकलता तसंच करायचं, हेही माझंच. अंकुशच्या आईले लपवल्याचा राग आला, तो काही खोटा नाही.

तू म्हणाली होती, "ताई, आपल्या घरात असलं चालते काय? बाबा असते त?" तरी तू आली, कारण मी म्हटलं. त्या मालिशवाल्या माणसानं आपल्यासमोर कबुतर कापलं. तुझं डोकं मी धरलं होतं. ते गरम रक्त त्यानं तुझ्या गालावर चोळलं अन् तू डोळे मिटून घेतले. दोन्ही मिटले, प्रतिक्षा. मी पाहून राहिली होती. दर पौर्णिमेले विहारात पंचशील म्हणते मी, पहिलंच शील जीव मारायचा नाही, अन् माझ्या एका खोट्यासाठी त्या पाखराचा जीव गेला. त्यानंतरच्या पौर्णिमेले मी विहारात गेली नाही. आईले डोकं दुखते म्हणून सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टरले मी लगेच सांगितलं होतं. तो म्हणे, "तीन महिन्यांत जाईन, घरी काही बोलू नको. बोललीस त दवाखान्याचं नाव जाईन, अन् तुलेही मले ठेवता येणार नाही." घरात माझ्याशिवाय कमावणारं कोण होतं, तूच सांग. तू म्हणशील मी होती ना. हो, तू होती.

आता तुझा निरोप. मावशी फोनवर म्हणाली, "तिचं एकच म्हणणं आहे. ताईनं करडीले जाऊन अंकुशच्या आईले खरं काय ते सांगावं. बाकी काही मागत नाही." अंकुशसाठी दुसरी पोरगी पाहिली, बावीस फेब्रुवारीले त्यांचं साक्षगंध धरलं, हेही तिनंच सांगितलं. मी म्हटलं, मावशी, तिच्याजवळ फोन आहे, अंकुशचा नंबर आहे, तिनंच सांगावं की! त तू मागून ओरडली, मले ऐकू आलं, "माझ्या सांगण्यानं होत नाही!" किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला. 'प' अन् 'म' अजून नीट निघत नाही तुझे.

जाते मी. येता रविवार मॅडमचा आहे, त्याच्या पुढच्या रविवारी, पंधरा तारखेले जाते. नोकरी गेली त गेली. शब्द देते.

ताई


कारधा
१६ फेब्रुवारी

प्रतिक्षा,

जय भीम. काल करडीले जाऊन आली. त्यांच्या घराले कुलूप होतं. शेजारी एक म्हातारा होता, तो म्हणे सगळे सकाळीच कुठीतरी लग्नाले गेले, संध्याकाळशिवाय येत नाही. तासभर वाट पाहिली. उन्हात, उपाशी. पायाले फोड आला नव्या चपलेनं.

आता मी काय कुलपाले सांगू? अंकुशचा फोनही लागत नव्हता. तू म्हटलं तसं मी केलं, माझ्याकडून काही राहिलं नाही. पुन्हा सुट्टी भेटन की नाही, माहीत नाही, डॉक्टर तोंड वाकडं करते. अन् एक सांगू? ज्यांनी ओठ पाहून नाही म्हटलं, त्यांच्या दारात किती वेळा जायचं आपण? आपल्याले काही इज्जत आहे की नाही? मार्चमध्ये तुझं तोंड सरळ होईन, दुसरा पोरगा भेटन, याच्यापेक्षा चांगला.

आई तुझी आठवण काढते. तिले अजून काही सांगितलं नाही.

ताई


कारधा
२३ मार्च

प्रतिक्षा,

जय भीम.

मावशी म्हणाली, ओठ सरळ झाला. आठ दिवस झाले म्हणे, पाणीही सांडत नाही, बोलणंही साफ आहे. भंडाऱ्याची शाळा तू सोडली अन् तुमसरलेच एका शाळेत जाऊन राहिली, हेही तिनं सांगितलं. तुझ्याकडून काही कळलं नाही. सोळा फेब्रुवारीच्या पत्राचं तू उत्तरच दिलं नाही, अन् काहून दिलं नाही ते मले काल कळलं.

काल मी करडीले गेली. पहिल्यांदा गेली. फेब्रुवारीत घराले कुलूप नव्हतं. म्हातारा नव्हता, लग्न नव्हतं, चपलेचा फोड नव्हता. पंधरा तारखेले मी बसनं फाट्यावर उतरली, एवढं खरं. तिथून त्यांचं निळं घर दिसते. अंगणात अंकुशची आई लाखोरीची डाळ वाळू घालून राहिली होती. एकटीच होती. याच्यापेक्षा चांगली वेळ भेटली नसती. मी टपरीवर चहा घेतला. मंग अजून एक घेतला. मनात एकच चालू होतं, ती विचारन, "तुले माहीत होतं, मंग दोन महिने चूप काहून बसली?" दवाखाना आठवला, डॉक्टर आठवला. तेवढ्यात भंडाऱ्याची बस आली अन् मी चढून गेली. दुसऱ्या दिवशी बसून तुले ते कुलूप लिहिलं.

मंग काल काहून गेली? खरं सांगते. आता त्याचं साक्षगंध झालं, पत्रिका छापल्या, लग्न पुढच्या महिन्यात आहे. आता मी काही सांगितलं तरी काही हालणार नव्हतं, कोणी दवाखान्यात येऊन तमाशा करणार नव्हतं. माझ्या अंगावर काही येत नव्हतं, म्हणून गेली. वरून मनाले म्हणत होती, शब्द दिला होता, पाळून राहिली.

त्याची आई आतच राहिली, बाहेर आली नाही. अंकुशनं खुर्ची दिली, पाणी दिलं. चांगला पोरगा आहे, प्रतिक्षा. वायरमनचं काम करते, हातावर चटके आहे ठिकठिकाणी. मी त्याले पहिल्यापासून सगळं सांगितलं. वायल, चौथी बाई, आरसा, कबुतर. तुले जे सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. मॅडमचा हात चुकला नव्हता. मॅडम दोन्ही बाजूले देऊन म्हणाल्या, पुरे. सुईत थोडं उरलं होतं. मी म्हटलं, "मॅडम, डावीकडे हिरडी जास्त दिसते तिची, उरलं तेही तिकडंच द्या, चौदाले साक्षगंध आहे." त्या म्हणाल्या, जास्त होईल. मी पुन्हा म्हटलं. त्यांची गाडीची वेळ झाली होती, त्यांनी देऊन टाकलं. तू खुर्चीवर डोळे मिटून पडली होती, कानात मशीनचा आवाज, तुले ऐकू आलं नाही.

माझं संपल्यावर अंकुश म्हणे, "मले माहीत आहे, ताई. एवढं बारीक माहीत नव्हतं, पण बोटॉक्सचं माहीत होतं. प्रतिक्षानं फेब्रुवारीच्या सुरुवातीलेच फोन केला होता. डॉक्टरचा कागदही पाठवला होता."

मी म्हटलं, "मंग?"

"आईले दाखवला. आई म्हणे, कागद कोणीही आणते. तिची आई गावभर लकवा सांगते, तिची बहीण दवाखान्यात नोकरीले असून एका शब्दानं नाही म्हणत नाही, अन् आता पोरगी स्वतःच वेगळं सांगून राहिली. आधी एकदा लपवलं या लोकांनी. घरचं मोठं माणूस येऊन समोर बसून सांगन, त मी मानीन. आईचं हे म्हणणं मी प्रतिक्षाले सांगितलं. मंग तिचा पुन्हा फोन आला, ताई पंधराले येईन, तिनं शब्द दिला."

मले तिथून उठून जावं वाटत होतं. तो सांगतच राहिला. पंधरा तारखेले त्याची आई दिवसभर घरी होती, चहाचे कप धुवून ठेवले होते. अठराले की एकोणीसले तुझा फोन आला. तू त्याले विचारलं, "रविवारी तुमच्या घराले कुलूप होतं काय?" तो म्हणे, "नाही, आई सकाळपासून घरीच होती." मंग तू म्हणाली, "ताईले थोडा वेळ लागते. पण येईन ती. तुम्ही थांबा."

माझं खोटं तुले चार दिवसांत कळलं होतं, अन् तरी तू त्याले असं सांगितलं. मले एक ओळ लिहून शिव्या दिल्या असत्या त मी गेली असती काय? माहीत नाही. खरंच माहीत नाही मले.

तो म्हणे, "मी तारीख पुढं ढकला म्हटलं, ते जमलं नाही, तिकडचे पाहुणे निघाले होते. बावीसले सकाळी आईनंच मले फाट्यावर पाठवलं. म्हणे, दहाची बस येऊ दे, तोवर मी नवी साडी घालत नाही. मी बसून राहिलो. दहाची बस आली, तुमच्याकडून कोणी उतरलं नाही. मंग मी घरी जाऊन कपडे बदलले."

बाहेर त्याच्या लग्नाचा मांडव टाकायले बांबू येऊन पडले होते. मी निघाली तवा तो दारापर्यंत आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता त बरं झालं असतं. त्यानं विचारलं, "ताई, बावीसले तुम्हाले काही अडचण होती काय?"

मी म्हटलं, हो, आईची तब्येत बरी नव्हती.

आई चांगली होती, प्रतिक्षा. मी घरीच होती, अन् त्या दिवशी मले सुट्टी होती.

रत्नमाला